गोळीने फुटलेला जबडा: घाई श्वासाची, सबुरी हाडाची

दुचाकीवरून पडून मोडलेला खालचा जबडा बहुतेक वेळा दोन-तीन जागी तडकतो. तुकडे मोठे असतात, वरची कातडी शाबूत असते. दातांची बैठक, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, जुळवली, लहान प्लेटा बसवल्या की रुग्ण आठवड्याच्या आत घरी जातो. गोळीने फुटलेल्या जबड्याला हाच हिशेब लावला की घोटाळा होतो. तिथे हाडाचा चुरा झालेला असतो, त्यातला काही चुरा जागेवर नसतोच. तोंडाचं आतलं अस्तर फाटलेलं असतं आणि जखमेत कपड्याचे धागे, दारूची काजळी, दातांचे तुकडे, लाळ असं सगळं एकत्र झालेलं असतं. मुख व जबडा शल्यचिकित्सेच्या विभागात असे रुग्ण आले की आम्ही ज्या क्रमाने जातो, तो क्रम इथे मांडतो आहोत. क्रमावर एवढा भर देण्याचं कारण असं की या दुखापतीतली बरीचशी गुंतागुंत बरोबर काम चुकीच्या वेळी केल्यामुळे होते.

महाराष्ट्रात हे रुग्ण ठरावीक वाटांनी येतात. गडचिरोलीच्या जंगलातल्या चकमकींत जखमी झालेले जवान हेलिकॉप्टरने नागपूरला आणले जातात. कोकणात शिकारीला नेलेली ठासणीची बंदूक उडते. शहरांत गावठी कट्टा असतो. आणि एक वाट बोलायला सगळ्यांनाच जड जाते, ती म्हणजे हनुवटीखाली नळी टेकवून स्वतःवर झाडलेली गोळी. जखम या प्रत्येकात वेगळी असते, म्हणून हत्यार कोणतं आणि अंतर किती, हे आम्ही पोलिसांच्या आधी विचारतो.

वेगाचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच उलगडतं. ९ मिमी पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा ५०० ज्यूलच्या जवळपास. एके-४७ ची गोळीही ८ ग्रॅमचीच, पण वेग सेकंदाला ७१५ मीटर. वजन तेच, वेग दुप्पट, ऊर्जा चौपट: २००० ज्यूलच्या वर. गोळी आत शिरली की तिच्या वाटेभोवतीचं मांस क्षणभर फाकतं आणि परत मिटतं. त्या क्षणात रक्तवाहिन्यांना आतून इजा होते आणि जे मांस बाहेरून बरं दिसतं ते दोन दिवसांनी काळं पडतं. खालच्या जबड्याचं हाड टणक, त्यामुळे ते गोळीची ऊर्जा अंगावर घेतं आणि दगडावर आपटलेल्या मडक्यासारखं फुटतं. तुकडे आणि दात स्वतःच गोळ्या होऊन जिभेत, गालात, मानेत घुसतात. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सायनसमुळे पोकळ. तिथून गोळी कमी ऊर्जा सोडून पुढे निघून जाते, आणि खरी भीती तिच्या पुढच्या वाटेवर असते: डोळा, कवटीचा तळ, मेंदू.

ठासणीच्या बंदुकीचा वेग कमी, म्हणून जखम हलकी असेल असं वाटतं. पण जवळून सुटलेला बार एकजीव गोळ्यासारखा आत शिरतो. छर्रे, खिळ्यांचे तुकडे, जळकी दारू आणि ठासताना घातलेला कापडाचा किंवा कागदाचा बोळा. हा बोळा एक्स-रेमध्ये दिसत नाही. तो हातानेच शोधावा लागतो आणि राहिला तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते.

आता श्वास. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाच्या आतल्या बाजूला अडकलेला असतो. हनुवटीचं हाड उडालं की जिभेचा पुढचा आधारच जातो आणि रुग्णाला उताणं झोपवलं की ती मागे जाऊन घसा बंद करते. वरून रक्त घशात उतरत असतं ते वेगळंच. असा रुग्ण शुद्धीत असेल तर तो स्वतःहून उठून बसतो, पुढे वाकतो आणि रक्त बाहेर गळू देतो. त्याला तसंच बसू द्यायचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर आणि दंतशल्यचिकित्सक विल्यम केल्सी फ्राय याने जबडा फुटलेल्या एका सैनिकाला पुढे वाकवून, चालवत मागच्या तळापर्यंत आणलं. तिथे त्याला स्ट्रेचरवर उताणं झोपवलं गेलं आणि तो गुदमरून गेला. फ्राय पुढे इंग्लंडमधल्या सिडकपच्या इस्पितळात चेहरे दुरुस्त करणारे शल्यचिकित्सक हॅरल्ड गिलीज यांच्याबरोबर काम करू लागला आणि जबड्याच्या जखमीला बसवून, मान पुढे झुकवून न्या, हा आग्रह त्याने धरला. शंभर वर्षांनंतरही आम्ही तालुक्याच्या दवाखान्याला फोनवर पहिलं वाक्य तेच सांगतो: झोपवू नका. मानेच्या मणक्याला इजा असेल किंवा रुग्ण बेशुद्ध असेल, तर मान सरळ धरून सगळं अंग एका कुशीवर वळवायचं आणि रक्त-लाळ ओढणारं सक्शन चालू ठेवायचं.

जीभ मागे जातच राहिली तर जाड रेशमी धाग्याचा, शून्य नंबरचा, एक रुंद टाका जिभेतून आडवा घालून ती पुढे ओढून धरता येते. टाका टोकाच्या फार जवळ घातला की जीभ चिरते. भूलतज्ज्ञाने तोंडातून नळी घालायचा प्रयत्न करताना शल्यचिकित्सक मानेवर हात ठेवून, चाकू उघडून शेजारी उभा असतो. एकदा प्रयत्न फसला आणि ऑक्सिजन उतरू लागला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाची वाट न बघता स्वरयंत्राच्या खालच्या पडद्यातून छेद देऊन ६ नंबरची नळी आत. लहान मुलांत हा छेद टाळतात, तिथे सुईने वाट काढून वेळ साधायचा. चेहऱ्याचा मधला भाग फुटलेला असताना नाकातून आंधळेपणाने नळी सरकवायची नाही, ती कवटीत जाऊ शकते. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढत जाते. त्यामुळे हनुवटी आणि जिभेचं बूड दोन्ही गेलेल्या रुग्णात आम्ही पहिल्याच शस्त्रक्रियेत ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे मानेतून श्वासनळीला छिद्र, करून टाकतो. नातेवाईक घशाच्या छिद्राला घाबरतात. ते तात्पुरतं आहे, सूज उतरली की बंद होतं, हे शांतपणे समजावून सांगावं लागतं.

रक्तस्राव बहुतेक वेळा दाबाने थांबतो. गोळीच्या वाटेत बोट जातं पण गॉज नीट बसत नाही, अशा ठिकाणी फोलीचा कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली लघवीची नळी, आत सरकवून फुगा सलाईनने फुगवला की आतून दाब मिळतो. त्यावर कातडीला एक टाका. आत चिमटे घालून आंधळेपणाने वाहिनी पकडायला जाऊ नये, चेहऱ्याची नस, म्हणजे चेहरा हलवणारा मज्जातंतू, तिथेच असते. दुखापतीला तीन तासांच्या आत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, नंतर १ ग्रॅम आठ तासांत. गोळीची वाट जबड्याच्या कोनाच्या वर आणि मागे गेली असेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र, हवीच, कारण कवटीच्या तळाशी फाटलेली वाहिनी उघडून गाठणं फार अवघड. अँजिओग्राफीतूनच ती बुजवणं शहाणपणाचं. धनुर्वाताची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट, अँटिबायोटिक म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट १.२ ग्रॅम दर आठ तासांनी. गोळी तापलेली असते म्हणून जंतू मरतात, हा समज खोटा आहे. ती कपड्यातली घाण बरोबर घेऊनच आत येते.

ही एमएलसीची, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध असलेली, केस आहे याचं भान जखमेला हात लावण्याआधी हवं. आधी फोटो, तेही मोजपट्टी धरून. जखमेचं वर्णन लिहायचं: आकार, कड आत वळलेली की बाहेर, भोवती काजळी किंवा दारूचे ठिपके आहेत का. प्रवेशाची जखम कोणती, बाहेर पडण्याची कोणती, हे खात्री असेल तरच लिहायचं. कपडे कापताना गोळीच्या छिद्रातून कात्री फिरवायची नाही. गोळी सापडली तर उघड्या दातेरी चिमट्याने धरायची नाही. बंदुकीच्या नळीने तिच्यावर उमटवलेले ओरखडे हा पुरावा असतो आणि आपल्या चिमट्याचा ओरखडा त्यावर उमटतो. आम्ही चिमट्याच्या टोकांना रबरी कॅथेटरचे तुकडे चढवून ठेवतो. गोळी वाळवून, कापसात गुंडाळून, प्लास्टिकच्या बाटलीत सीलबंद करून, पोलिसांची सहीची पावती घेऊन द्यायची. स्टीलच्या ट्रेमध्ये ती खणकन टाकणं सिनेमात ठीक आहे.

सीटी स्कॅन १ मिमी किंवा त्याहून पातळ कापांचा. धातूच्या आसपास चित्र विस्कटतं, तरी हाडाचा आराखडा कळतो. दात मोजायचे. तोंडात असलेले, जखमेत सापडलेले, घटनास्थळी पडले असं सांगितलेले. हिशेब जुळला नाही तर छातीचा एक्स-रे, कारण हरवलेला दात फुप्फुसात असू शकतो. आत लोखंडाचा तुकडा असण्याची शंका असेल तर एमआरआय करायचा नाही.

पहिली शस्त्रक्रिया धुण्याची. कोमट सलाईन, काही लिटर, हळूहळू. जोराच्या फवाऱ्याने घाण मांसाच्या थरांत आणखी आत जाते. कातडीत रुतलेली काजळी मऊ ब्रशने पहिल्याच दिवशी काढायची, नंतर ती गोंदणासारखी कायमची राहते. मग मेलेलं मांस काढणं. पाया-मांडीच्या गोळीच्या जखमेत सैन्यातले डॉक्टर सढळ हाताने कापतात आणि ते तिथे योग्यच आहे. चेहऱ्यावर मात्र हात आखडता घ्यायचा. इथला रक्तपुरवठा इतका चांगला की बोटभर रुंदीच्या देठावर लोंबणारा ओठही जगतो. कातडीची कड १-२ मिमी छाटायची, तीही ठेचलेली असेल तरच. स्नायूच्या बाबतीत चार गोष्टी पाहायच्या: रंग, घट्टपणा, चिमटीत धरल्यावर आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. शंका असेल ते ठेवायचं आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा ओटीत (शस्त्रक्रियागृहात) घेऊन बघायचं. ही दुसरी फेरी ठरवूनच ठेवलेली असते. पहिल्या दिवशी जगेल की मरेल असं वाटणारं मांस दुसऱ्या फेरीत स्वतःच उत्तर देतं.

हाडाच्या तुकड्यांचा नियम सोपा आणि कडक आहे. हाडावरचा पापुद्रा किंवा स्नायू ज्या तुकड्याला चिकटलेला आहे, तो कितीही लहान असला तरी ठेवायचा. पूर्ण सुटा, बोटात येणारा, आणि वर घाण तोंडाशी उघडा असलेला तुकडा काढायचा. सुटे तुकडे मोहाने आत ठेवले की तेच पुढे सडतात आणि पू होऊन बाहेर येतात. उलट, प्लेट बसवायला जागा हवी म्हणून तुकड्यांवरचा पापुद्रा खरवडून काढणं म्हणजे जिवंत हाड आपल्या हाताने मारणं. दातांच्या बाबतीतही तारतम्य हवं: मूळ फुटलेला दात काढायचा, पण भक्कम उभा असलेला एकटा दातसुद्धा ठेवायचा. जबड्याचे तुकडे कुठे बसवायचे हे सांगणारी ती एकमेव खूण असू शकते.

बंद करताना आतून बाहेर. आधी तोंडाचं अस्तर, ३-० किंवा ४-० जाडीच्या (आकडा मोठा तितका धागा बारीक) विरघळणाऱ्या धाग्याने, पाणी झिरपणार नाही इतकं घट्ट. मग स्नायू, शेवटी कातडी ५-० किंवा ६-० नायलॉनने. गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सिडकपला १९१७ पासून हजारो चेहऱ्यांवर काम करताना जे कळलं, त्यातलं सगळ्यात मोलाचं आमच्या मते हेच: अस्तर नसेल तर बाहेरून कितीही सुबक शिवा, जखम आकसून सगळं आत खेचते. मांस कमीच असेल तर ओढूनताणून जुळवायचं नाही. गालाच्या कडेला आतलं अस्तर आणि बाहेरची कातडी एकमेकांना शिवून छिद्र उघडं ठेवायचं. दिसायला ते भयंकर दिसतं, पण भाग आकसत नाही आणि पुढच्या शस्त्रक्रियेला माप शिल्लक राहतं. लाळेची मोठी नळी कापली असेल तर तिच्यात बारीक नळी घालून त्यावर शिवायची. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली रेघ ओढली, तर त्या रेघेच्या मागे तुटलेली चेहऱ्याची नस जोडायची. तिचं पुढचं टोक विजेच्या हलक्या झटक्याने ७२ तासांपर्यंतच सापडतं. लगेच जोडता येत नसेल तर निदान दोन्ही टोकांना रंगीत धाग्याची खूण करून ठेवायची.

आता आमच्या आवडीचा भाग. दातांची बैठक. वरचा जबडा शाबूत असेल तर तोच साचा आणि खालचा त्याला जुळवायचा. सूज परवानगी देईल तेव्हा अल्जिनेटच्या लगद्याने दोन्ही जबड्यांचं माप घेतो, प्लास्टरचे साचे ओततो, खालचा साचा हाड जिथे तुटलंय तिथे करवतीने कापतो आणि वरच्या दातांवर बसवून मेणाने चिकटवतो. त्या जुळलेल्या साच्यावर जिभेच्या बाजूने ॲक्रिलिकची पट्टी बनते. ही पट्टी ओटीत दातांना बांधली की तुकडे आपापल्या जागी येतात. ती नसेल तर पुढून प्लेट आवळताना जबडा जिभेच्या बाजूने उघडतो, मागच्या बाजूला रुंदावतो आणि चेहरा चौकोनी होतो. समोरून दात जुळलेले दिसतात, म्हणून हा दोष टेबलावर कळत नाही. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची जुनी कवळी फेकू नका, असं नातेवाईकांना आवर्जून सांगतो. ती फुटलेली असली तरी जोडून साचा म्हणून कामाला येते.

आर्च बार, म्हणजे दातांच्या ओळीला लावायची धातूची पट्टी, बांधायला २६ गेजची, ०.४ मिमी जाडीची स्टीलची तार. बांधण्याआधी ती दोन चिमट्यांत धरून थोडी ताणून घ्यायची, नाहीतर रात्रीतून सैल पडते. दाढांपासून सुरुवात, पुढचे दात शेवटी. तारेचं एक टोक बारच्या वरून, एक खालून, आणि पीळ नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. रात्रपाळीच्या डॉक्टरला घाईत सोडवायची वेळ आली तर त्याला दिशा शोधत बसावं लागू नये. पीळ देताना तार आधी दाताकडून ओढायची आणि मग फिरवायची. चमक जाऊन ती काळपट दिसू लागली की थांबायचं, पुढचा अर्धा फेरा ती तोडतो. शेपूट ५-६ मिमी ठेवून कापायची आणि हिरडीकडे वळवून दाबायची. हातमोजे दुहेरी. तारेचं टोक एका मोज्यातून सहज आरपार जातं.

हाड लगेच पक्कं बांधायचं की थांबायचं, यावर मतं वेगवेगळी आहेत. मांस पुरेसं असेल, जखम स्वच्छ असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीतच प्लेट बसवावी, असं आमचं मत आहे. उशीर केला की मांस आकसतं आणि तुकडे चुकीच्या जागी घट्ट होतात. पण अस्तर फाटकं, मांस संशयास्पद किंवा रुग्ण इतर जखमांनी अत्यवस्थ असेल, तर आम्ही बाहेरून पिना घालतो. प्रत्येक भक्कम भागात निदान दोन पिना, चुऱ्यापासून किमान १ सेंटीमीटर दूर, लहान छेदातून, हळू वेगाने आणि सलाईन सोडत. जोडपट्टी विकत मिळते. नसेल तर श्वासनळीत घालायची प्लास्टिकची नळी पिनांवर चढवून तिच्यात पातळ ॲक्रिलिक भरायचं, दहा मिनिटांत ते कडक होतं. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, म्हणून कातडीवर ओलं गॉज. या पद्धतीत मधल्या चुऱ्याला कुणी हात लावत नाही आणि तो आपल्या पापुद्र्यावर जगतो.

प्लेटीची निवड करताना मोटारसायकलच्या अपघाताची सवय आड येते. २ मिमीच्या लहान प्लेटा हाडाच्या मदतीने भार वाहतात. दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतील तरच त्या टिकतात. चुऱ्यात टेकायला काहीच नसतं, सगळा भार प्लेटीवर येतो. तिथे २.४ मिमीची लॉकिंग रिकन्स्ट्रक्शन प्लेट लागते, म्हणजे स्क्रू जिच्यातच घट्ट अडकतात अशी जाड प्लेट. जबड्याच्या खालच्या कडेपासून दीड-दोन सेंटीमीटर खाली मानेच्या वळीत छेद, म्हणजे खालचा ओठ हलवणारी नस वाचते. आधी दात वरच्या दातांशी बांधायचे. मग मधले मोठे तुकडे पातळ प्लेटांनी एकमेकांना जोडून दोन-तीन भाग करायचे आणि या सगळ्यावरून पुलासारखी मोठी प्लेट. दोन्ही बाजूंच्या भक्कम हाडात प्रत्येकी तीन, जमलं तर चार स्क्रू. १.८ मिमीचा ड्रिल, मंद वेग, सतत सलाईन. कोरडा ड्रिल फिरला की भोवतालचं हाड भाजतं आणि महिन्याभरात तो स्क्रू लोण्यात बसवल्यासारखा सैल निघतो. प्लेट वाकवताना पुढेमागे वाकवत बसायचं नाही, तिथेच ती पुढे तुटते. सीटीवरून प्लास्टिकचा जबडा छापून घेता आला तर आदल्या दिवशीच त्यावर प्लेट वाकवून निर्जंतुक करून ठेवता येते. त्याने ओटीतला बराच वेळ वाचतो. प्लेट बसली की दातांचं बंधन सोडून, हाताने जबडा मिटून बैठक पुन्हा तपासायची. इथे अर्धा मिमीही चालवून घ्यायचा नाही.

हाडाची फट उरलीच, तर तिचं माप आणि भोवतालचं मांस यावर पुढचं ठरतं. फट ५-६ सेंटीमीटरपर्यंत, मांस आणि अस्तर पूर्ण भरलेलं, पू नाही: कमरेच्या हाडाचा गर चालतो. एका सेंटीमीटर फटीला साधारण १० मिली गर लागतो आणि कमरेच्या पुढच्या भागातून साधारण ५० मिलीपर्यंत मिळतो. मर्यादा इथूनच कळते. हे हाड शक्यतो मानेच्या बाजूने बसवायचं. तोंडाशी जराही संपर्क आला की लाळ आत जाते आणि सगळं वाया जातं. म्हणून जखम भरल्यावर काही आठवडे थांबतो.

फट मोठी, किंवा अस्तरच नाही, तर पायाचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिनीसकट. रक्तपुरवठा ज्याचा त्याच्याबरोबर न्यायचा, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात कपाळाची कातडी देठासकट वळवून नाक बांधल्याचं वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलं होतं. फिब्युला रक्तवाहिनीसकट उचलून दुसरीकडे जोडण्याचं काम ऑस्ट्रेलियात इयन टेलर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलं आणि जबड्यासाठी ते न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये. २० सेंटीमीटरहून जास्त हाड मिळतं. घोट्याच्या वरचे ६ ते ८ सेंटीमीटर सोडायचे, नाहीतर घोटा डळमळतो. गुडघ्याजवळही ५-६ सोडायचे, कारण तिथे पाऊल उचलणारी नस हाडाला वळसा घालते. आधी पायाची अँजिओग्राफी, कारण काही माणसांत पावलाचा बहुतेक रक्तपुरवठा याच वाहिनीवर असतो. जबड्याचं वळण देण्यासाठी हाडाला पाचरी काढतो, पण एक तुकडा दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा लहान केला तर त्याचं रक्त जातं. रोहिणी आणि नीला मायक्रोस्कोपखाली ८-० किंवा ९-० धाग्याने मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या. गोळीच्या वाटेतली वाहिनी बाहेरून चांगली दिसली तरी घ्यायची नाही. तिचं आतलं अस्तर दुखावलेलं असतं आणि तिथेच गुठळी होते. दुसऱ्या बाजूच्या मानेतली घ्यावी लागली तरी चालेल.

पहिली रात्र सिस्टरांची. दर तासाला फ्लॅपची, म्हणजे पायातून हाडाबरोबर आणलेली, कातडी पाहायची, बोटाने दाबून रंग परतायला किती वेळ लागतो ते मोजायचं, डॉप्लरने ठोका ऐकायचा. फिकट, थंड, रंग परतत नाही: रोहिणी बंद. निळसर, फुगलेली, रंग झटकन परततो, सुई टोचली की काळपट रक्त लगेच येतं: नीला बंद. हे जास्त वेळा होतं आणि जास्त फसवतं, कारण रंग परततोय म्हणजे ठीक आहे असं वाटतं. ट्रॅकिओस्टॉमीची फीत मानेभोवती बांधायची नाही, नळी कातडीला टाक्याने अडकवायची. फितीच्या दाबाने नीला बंद पडते. संशय आला की सकाळची वाट न पाहता ओटी. वाहिनी पुन्हा उघडायला हाताशी काही तासच असतात.

वॉर्डात डोकं ३० अंश वर. जबडा बांधलेला असेल तर तार कापायची कात्री उशाशी दोरीने लटकवलेली, आणि कोणत्या तारा कापायच्या ते ड्युटीवरच्या प्रत्येकाला दाखवलेलं. रुग्णाला ओकारी आली तर प्रत्येक क्षण मोलाचा असतो. नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून दर दोन-तीन तासांनी २५० ते ३०० मिली. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ३० ते ३५ कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं. नुसतं वरणाचं पाणी आणि नारळपाणी यात हे बसत नाही. दूध, अंडं, शेंगदाण्याचं कूट मिक्सरमध्ये बारीक करून गाळून द्यायचं. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने तोंड दिवसातून चारदा धुवायचं. हे काम आम्ही रुग्णाच्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो, कारण घरी गेल्यावर ते त्यालाच करायचं असतं. स्वतःवर गोळी झाडलेल्या रुग्णाजवळ चोवीस तास माणूस आणि पहिल्या दिवसापासून मानसोपचारतज्ज्ञ. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं असतं. तो बोलू शकत नसतो, म्हणून पाटी-पेन्सिल हाताशी ठेवायची. पहिले काही दिवस तो काहीच लिहित नाही, तरीही ठेवायची.

काय बिघडतं? जंतुसंसर्ग सर्वांत आधी, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा सैल स्क्रू किंवा राहिलेला मेलेला तुकडा असतो. नुसती अँटिबायोटिक्स बदलत राहून तो जात नाही, उघडून कारण काढावं लागतं. प्लेट पातळ कातडीतून हनुवटीवर उघडी पडते. तोंडातून मानेवर लाळेची वाट पडते. लाळेच्या ग्रंथीवर फुगा येतो, तो सुईने काढून दाबपट्टी बांधली की बहुतेक वेळा बसतो. गोळीचे तुकडे मांसात खोल असतील तर सगळे शोधत बसायचं नाही. सांध्यात असलेला शिशाचा तुकडा मात्र काढायचा, कारण सांध्याच्या द्रवात शिसं विरघळून रक्तात जातं. आणि तोंड न उघडणं. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांमध्ये सरकवायची, दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची, ३५ ते ४० मिमी हे लक्ष्य. बंधन सुटल्यावर पहिल्या आठवड्यातच सुरू करायचं. एकदा व्रण घट्ट झाला की काड्यांनी भागत नाही.

दात शेवटी येतात. फिब्युलाची उंची १३ ते १५ मिमी आणि दात असलेल्या जबड्याची त्याच्या दुप्पट, म्हणून हाड खालच्या कडेला न लावता सेंटीमीटरभर वर बसवतो किंवा दुहेरी घडी करतो. नाहीतर इम्प्लांटवरचे, म्हणजे हाडात रोवलेल्या धातूच्या मुळांवरचे, दात फार लांब होतात आणि स्क्रू सैल पडतात. हाड जुळल्याचं सीटीत दिसलं की, साधारण सहा महिन्यांनी, इम्प्लांट. हिरडीच्या जागी पायाची जाड, हलती कातडी असते. तिच्यातून निघालेल्या इम्प्लांटभोवती सतत सूज येते. म्हणून ती पातळ करून तिथे टाळूवरचं अस्तर लावतो आणि ॲक्रिलिकच्या पट्टीने दाबून ठेवतो. ते धरायला तीन आठवडे लागतात. माप त्यानंतरच घ्यायचं.